आयसीयूतला पेशंट खंगतो तो फक्त उपासमारीने नाही

फिरणारा मेसेज थोडक्यात असा: ‘आयसीयूत पेशंटला नुसत्या सलाईनवर उपाशी ठेवतात, म्हणून हातपाय काटकुळे होतात. पहिल्या दिवसापासून नळीतून दूध, अंडी, प्रोटीन पावडर, शहाळ्याचं पाणी भरपूर द्यायला लावा.’

सलाईन म्हणजे जेवण नव्हे, हे बरोबर. नॉर्मल सलाईनमध्ये कॅलरी शून्य. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभरात 50 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे जेमतेम 170 कॅलरी, प्रथिनं नाहीतच. म्हणूनच रक्तदाब सावरला की 24 ते 48 तासांत नळीतून आहार सुरू करतात. तो सुरू झाला नसेल तर कारण जरूर विचारा. (गुंगीसाठीचं पांढरं प्रोपोफॉल तेलातलं असतं. ताशी 15 मिली चालू असेल तर दिवसाला सुमारे 400 कॅलरी त्यातूनच जातात.)

‘उपाशी ठेवल्याने स्नायू झडतात’ हे मात्र अर्धवट. जंतुसंसर्गाची दाहक प्रतिक्रिया, वाढलेलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक), इन्सुलिनला शरीराने दाद न देणं आणि अंथरुणाला खिळणं, या सगळ्यांमुळे शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं. बाहेरून अन्न दिलं तरी पहिल्या दिवसांत ते पूर्ण थांबत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात 63 पेशंटांच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 10 दिवसांत सरासरी 17.7 टक्क्यांनी घटला. अनेक अवयव निकामी झालेल्यांत घट जास्त होती.

खरा धोका ‘भरपूर’ या शब्दात आहे. फ्रान्समधल्या न्यूट्रिरिया-3 चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या, शॉकमधल्या (रक्तदाब फार घसरलेल्या) 3,044 पेशंटांपैकी निम्म्यांना पहिला आठवडा वजनाच्या किलोमागे रोज 6 कॅलरी दिल्या, निम्म्यांना 25. मृत्यूदरात फरक पडला नाही. उलट कमी आहारवाले आयसीयूतून बाहेर पडण्याजोगे लवकर झाले. प्रथिनांचंही तेच: 2023 च्या एफर्ट चाचणीत किलोमागे 2.2 ग्रॅमपर्यंत नेऊन फायदा दिसला नाही, आणि मूत्रपिंडाला इजा झालेल्यांत नुकसानाची चिन्हं दिसली. म्हणून हळूहळू 1.3 ग्रॅमपर्यंत नेतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 78 ग्रॅम.

आठवडाभर पोटात काही नसलेल्या किंवा दारूचं व्यसन असलेल्या पेशंटला एकदम भरपेट दिलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. फॉस्फेट फार घसरलं की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके बिघडतात. तिथे आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व), मग किलोमागे 10 कॅलरी किंवा त्याहूनही कमी, आणि रोज फॉस्फेटची तपासणी.

घरचं दूध-अंडं मिक्सरमधून काढलं तरी नळी तुंबते, जंतू वाढतात आणि प्रथिनांचा हिशेब राहत नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे लघवी बंद झालेल्या पेशंटला ते देऊच नये.