महामार्ग केंद्राचा, म्हणून हरकतही दिल्लीलाच?

‘राष्ट्रीय प्रकल्पांत पैसा केंद्राचा, काम केंद्राचे, राज्य सरकार केवळ फीत कापायला येते. तेव्हा महामार्गात जमीन जात असेल तर प्रांत कचेरीत हेलपाटे घालू नका, थेट दिल्लीला पत्र लिहा,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने खरोखरच पत्र लिहायला घेतले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्यात प्रत्यक्ष नुकसान आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३सी नुसार भूसंपादनाची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी हरकत ‘सक्षम प्राधिकाऱ्या’कडे द्यावी लागते. हा प्राधिकारी केंद्र नेमते हे खरे, पण महाराष्ट्रात तो बहुधा प्रांताधिकारी किंवा विशेष भूसंपादन अधिकारी, म्हणजे राज्याच्या महसूल खात्यातलाच माणूस असतो. सुनावणी तोच घेतो आणि कलम ३जी खाली मोबदलाही तोच ठरवतो. दिल्लीच्या टपालात पडलेल्या पत्राने मुदत थांबत नाही, आणि कलम ३डी ची घोषणा प्रसिद्ध झाली की जमीन केंद्राकडे निहित होते. मोबदला अमान्य असेल तर त्यानंतरही लवादाकडे जाता येते. संपादनावरच हरकत घेण्याची या कायद्यातली संधी मात्र हातची गेलेली असते.

‘काम केंद्राचे’ म्हणणाऱ्याने याच कायद्याचे कलम ५ वाचलेले दिसत नाही. महामार्गाची जबाबदारी केंद्राची असली, तरी ते काम राज्याकडे सोपवण्याची तरतूद तिथेच आहे. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल ते इंदापूर हा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढचा झारापपर्यंतचा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे सोपवला गेला, तो त्यामुळेच.

पैशाबाबत संदेश अर्धा खरा आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो: राष्ट्रीय महामार्ग संविधानाच्या केंद्रसूचीत आहेत आणि त्यांचा खर्च मुख्यतः केंद्रच उचलते. पण २००० साली पूर्णपणे केंद्राच्या निधीवर सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत २०१५-१६ पासून बहुतेक राज्ये ४० टक्के वाटा देतात आणि जलजीवन मिशनमध्ये तर निम्मा. फीत कापण्याचे म्हणाल, तर त्या छायाचित्रात दोघेही असतात.

आत्याच्या अधिसूचनेला सोळा दिवस झाले होते. काल तिची हरकत प्रांत कचेरीत दाखल झाली आणि पोचही मिळाली. दिल्लीचे पत्र तिने तरीही टाकलेच.