हसऱ्या योर्कला टीम मिळायला १३ वर्षं लागली

२५ नोव्हेंबर १९९८. बार्सिलोनाचं कॅम्प नू स्टेडियम, चॅम्पियन्स लीगची फुटबॉल मॅच. मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनचा पास टीममधल्याच ड्वाइट योर्ककडे येतो आणि योर्क बॉलला पायच लावत नाही. पायाखालून जाऊ देतो. त्याच्या अंगावर आलेला डिफेंडर चकतो. मागे अँडी कोल उभाच आहे. कोल बॉल योर्कला देतो, योर्क एका टचमध्ये परत कोलला, आणि गोल. सगळं मिळून तीन-चार सेकंद. कोल मागे आहे हे योर्कला बघून कळलं नव्हतं, त्याला ते आधीच ठाऊक होतं.

आमच्या घरी तेव्हा नुकतंच केबल आलं होतं. या मॅचेस मध्यरात्रीनंतर लागायच्या. टीव्हीचा आवाज बंद ठेवून मी जमिनीवर बसून बघायचो. त्या गोलनंतर मी उठून उभा राहिलो होतो, एवढं पक्कं आठवतंय. नंतर लोकांनी योर्कचं हसू लक्षात ठेवलं. गोल चुकला तरी हसणारा, मजेत खेळणारा वेस्ट इंडियन. माझ्या मते या हसण्यानेच त्याचं सगळ्यात मोठं नुकसान केलं. त्या चेहऱ्यामागे केवढं डोकं चालतंय, हे क्लब चालवणाऱ्यांनी कधी बघितलंच नाही.

टोबॅगोतल्या कनानचा हा मुलगा. भाऊ क्लिंट त्रिनिदादकडून फर्स्ट क्लास क्रिकेट खेळला, ब्रायन लारा जिवाभावाचा मित्र. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही क्रिकेटवेड्या घरात शोभावा असा. १९८९ मध्ये अ‍ॅस्टन व्हिला हा इंग्लिश क्लब वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यांचे मॅनेजर ग्रॅहम टेलरनी त्याला हेरलं आणि बर्मिंगहॅमला आणलं. तिथे तो नऊ वर्षं राहिला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडने १ कोटी २६ लाख पौंड मोजून त्याला नेलं, तेव्हा व्हिलाचे मॅनेजर जॉन ग्रेगरी इतके चिडले की हातात बंदूक असती तर याला गोळी घातली असती, असं बोलून बसले. (हेच ग्रेगरी पुढे आपल्याकडे चेन्नईयनचे कोच झाले आणि २०१७-१८ ची आयएसएल ही फुटबॉल लीग जिंकून गेले.)

युनायटेडमधल्या पहिल्याच सीझनमध्ये २९ गोल. लीगमधले १८, आणि त्यावर गोल्डन बूटमध्ये, म्हणजे सर्वाधिक गोलच्या बक्षिसात, वाटा. चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये तूरिनला युव्हेंटस २-० पुढे असताना कीनने एक फेडला आणि बरोबरीचा हेडर योर्कने मारला. त्या वर्षी लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही जिंकले. हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

कारण मला ज्या योर्कबद्दल बोलायचंय तो नंतरचा आहे. २००५ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या सिडनी एफसीत गेला. लोक म्हणाले, आता निवृत्तीचे पैसे कमवायला गेला. त्याने तिथल्या पहिल्याच ए-लीगचं विजेतेपद मिळवलं आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. त्याच काळात तो गोलपासून दूर, मागे सरकत गेला. १० जून २००६, डॉर्टमुंड, वर्ल्ड कप, समोर इब्राहिमोविच, लार्सन आणि युंगबर्गचा स्वीडन. जेमतेम १३ लाख वस्तीचा त्रिनिदाद आणि टोबॅगो पहिल्यांदाच वर्ल्ड कप खेळत होता. दुसरा हाफ सुरू होताच एव्हरी जॉनला रेड कार्ड मिळालं. उरलेली जवळजवळ ४५ मिनिटं दहा जण. आणि कॅप्टन योर्क, युरोप गाजवलेला सेंटर फॉरवर्ड, डिफेन्सच्या पुढ्यात उभा. कधी याला पुढे ढकल, कधी त्याला मागे ओढ, बॉल मिळाला की घाई न करता पाय ठेवून उभा राहा, म्हणजे बाकीच्यांना श्वास घेता येईल. मॅच ०-० सुटली. शाका हिस्लॉपने गोलमध्ये कमाल केली हे खरंच, पण त्या दिवशी मैदानात आणखी एक कोच होता, असं मी आजही म्हणतो.

पुढे कीन मॅनेजर असलेल्या संडरलँडमध्येही तो मिडफिल्डच सांभाळत होता. २००९ मध्ये थांबला. आणि मग?

मग काहीच नाही. मायदेशाच्या टीममध्ये रसेल लॅटपीचा असिस्टंट म्हणून थोडा काळ, आणि टीव्हीवर एक्स्पर्ट. त्याच १९९९ च्या ड्रेसिंग रूममधले कीन, सोल्शायर, गिग्ज, गॅरी नेव्हिल, फिल नेव्हिल, शेरिंगहॅम, स्टाम, सगळे मॅनेजर झाले. शेरिंगहॅमला तर स्टीव्हनेजच्या एकाच नोकरीच्या अनुभवावर २०१७ मध्ये आयएसएलमधल्या कोलकात्याच्या टीमने कोच म्हणून बोलावलं. योर्कने व्हिलाचा मॅनेजर व्हायची, म्हणजे ज्या क्लबला नऊ वर्षं दिली त्याच क्लबची, इच्छा दाखवली तर मुलाखतीलाही बोलावलं नाही, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. काळ्या खेळाडूंना डगआउटचं, म्हणजे कोचच्या बाकाचं, दार उघडत नाही, हेही तो स्पष्ट बोलला. यावर ‘लायकी असेल तर मिळतंच’ म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. लायकी तपासायला निदान समोर बसवून दोन प्रश्न तरी विचाराल की नाही?

कोच म्हणून पहिला क्लब मिळाला तो २०२२ च्या जुलैमध्ये. पुन्हा सिडनीच, पण शहराच्या नैर्ऋत्य टोकाचा मॅकार्थर एफसी. निवृत्तीनंतर १३ वर्षांनी, वयाच्या पन्नाशीत. १ ऑक्टोबरला त्यांनी सिडनी युनायटेड ५८ ला २-० ने हरवून ऑस्ट्रेलिया कप जिंकला. क्लबच्या इतिहासातली पहिली ट्रॉफी, आणि तिच्यामुळे आशियातल्या स्पर्धेचं तिकीट. फायनलमधली टीम ए-लीगबाहेरची होती, हे मान्य. पण कप घरबसल्या मिळत नसतो. आणि जानेवारी २०२३ मध्ये तो आणि क्लब वेगळे झाले. जेमतेम सहा महिने, पूर्ण सीझनसुद्धा नाही. त्याचं काही चुकलंही असेल. पण पहिल्या नोकरीत चुकून शिकायची मुभा ज्यांना मिळते, त्यांची यादी वर दिलीच आहे.

मला यात एक माणूस फार महत्त्वाचा वाटतो, डेनिस लॉरेन्स. १६ नोव्हेंबर २००५ ला बहरीनमध्ये योर्कने कॉर्नर मारला आणि या उंच डिफेंडरने हेडर घातला. त्या एका गोलवर त्रिनिदाद वर्ल्ड कपला गेला. लॉरेन्सला मॅनेजर रोबेर्तो मार्तिनेझने इंग्लंडच्या विगन क्लबमध्ये कोचिंगला घेतलं, पुढे एव्हर्टनलाही सोबत नेलं. २०१७ मध्ये त्रिनिदादमधल्या कूव्हा गावी अमेरिकेला २-१ हरवून वर्ल्ड कपबाहेर काढणाऱ्या त्रिनिदादचा कोच हाच लॉरेन्स. कॅम्प नू नाही, गोल्डन बूट नाही, पण बोट धरणारा कुणीतरी होता. योर्कचं बोट कुणी धरलं नाही. त्याला वाटलं असेल, आपलं नाव पुरेसं आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अखेर मायदेशानेच त्याला नॅशनल टीम दिली. २०२६ च्या वर्ल्ड कपला त्रिनिदाद पोहोचला नाही. पात्रता फेरीतल्या त्याच ग्रुपमधून कॅरिबियनमधला दीड लाख वस्तीचा कुरासाव गेला, वर्ल्ड कप गाठणारा आजवरचा सगळ्यात छोटा देश. मला त्यांचा मनापासून आनंद झाला. योर्कची टीम त्यांच्याशी दोनदा भिडली आणि दोन्ही मॅच बरोबरीत सुटल्या. कुरासावला इथवर आणणारे कोच होते डिक अ‍ॅडव्होकाट, आणि २००६ मध्ये त्रिनिदादला नेणारे लिओ बेनहाकर. दोघेही डच.

टोबॅगोत बॅकोलेटला ड्वाइट योर्कच्या नावाचं स्टेडियम आहे, २००१ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपसाठी बांधलेलं. नाव भिंतीवर लावायला कुणाची हरकत नसते. आता एखाद्या क्लबने त्याला बोलवावं, आणि या वेळी ऑगस्टपासून मेपर्यंत सगळ्या मॅचेस त्याच्या हातात ठेवाव्यात. मी त्या सगळ्या बघणार, मध्यरात्र असली तरी.