पाच त्रिक पंधरा, भागिले चार

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. समोच्च रेषा एकमेकींना खेटून असल्या की उतार तीव्र समजावा, हे वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की झोपेत खडू दिला तरी लिहीन. पण त्या रेषा काढताना माझा फक्त उजवा हात हलायचा. गुडघे टेबलाखाली निवांत असायचे. त्यांना हा धडा कोणी शिकवलाच नव्हता. तो त्यांनी गेल्या जानेवारीत, कॅलिफोर्नियात, एका दिवसात अख्खा पाठ केला.

मुलगा आणि सून सॅन डिएगोला असतात. शुक्रवारी रात्री सून म्हणाली, "आई, उद्या टॉरी पाइन्सला जाऊ या का? समुद्राकाठचं राखीव जंगल आहे. कडे आहेत, घळया आहेत. तुम्हाला आवडेल. आणि ट्रेल अगदी छोटे आहेत."

छोटे म्हणजे किती, ते तिने नकाशावर दाखवलं. बीच ट्रेल पाऊण मैल. रेझर पॉइंट ट्रेल दोन तृतीयांश मैल. गाय फ्लेमिंग ट्रेलही तेवढाच. हाय पॉइंट तर नुसता शंभर यार्ड. मैलांच्या एकाही आकड्यात पूर्णांक नाही म्हटल्यावर माणूस बेसावध राहतो. अपूर्णांकांची बेरीज हा गणिताच्या बाईंचा विषय होता, त्यामुळे मी ती केली नाही.

सुनेचा बेत असा होता: खालून डांबरी रस्त्याने वर चढायचं, कड्यांवरून हिंडायचं, बीच ट्रेलने समुद्रावर उतरायचं आणि वाळूतून चालत गाडीपाशी यायचं. म्हणजे परतीची चढण नाही. फक्त भरती नको, कारण भरतीला पाणी थेट कड्याला भिडतं आणि वाळूतली वाट बंद होते. एवढं सांगून तिने भरतीची वेळ बघायला मोबाइल उचलला.

"ठेव तो," मी म्हटलं. "तिथी काय उद्या?"

तिला माहीत नव्हतं. मला होतं, कारण मी दिनदर्शिका बॅगेतून घेऊन आले होते. उद्या पंचमी. कोकणात आमच्या आजोबांनी आयुष्यभर घड्याळाशिवाय समुद्र वाचला तो एका हिशेबावर: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे ओहोटी साडेनऊच्या सुमारास. आपण अकरा-साडेअकराला खाली उतरणार. तोवर वाळूच वाळू.

"बघा, ऍप लागलं का?" ह्यांनी सुनेला विचारलं. हे माझ्या बाजूने बोलण्याची वेळ वर्षातून एखाददा येते. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पहाटे पाचला उठून मी थालीपीठं लावली. लसणाची चटणी, बेसनाचे लाडू, केळी, स्टीलच्या डब्यात भाजलेले शेंगदाणे आणि ह्यांच्यासाठी थर्मास भरून चहा. सून काहीतरी सांगू पाहत होती, पण मी पाचजणांची न्याहारी चौघांसाठी भरण्यात गुंतले होते. "वर खायला चालत नाही, आई," असं ती म्हणाली असावी. मला वाटलं, चढताना खाल्लं की पोटात कळ येते, त्याबद्दल बोलतेय.

गाडी खाली हायवेच्या कडेला लावली, कारण तिथे फुकट लावता येते. हा निर्णय ह्यांचा. आत लावण्याचे डॉलर त्यांनी रुपयांत करून पाहिले आणि "चालायलाच आलोय ना?" असं म्हणाले. पुढची सुमारे ३०० फुटांची चढण त्या एका वाक्याची आहे.

वर जाणारा रस्ता म्हणजे किनाऱ्याचा जुना हायवे. मुलाने त्याची गोष्ट सांगितली. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांना पेट्रोलचा पंप नसे. टाकीतलं पेट्रोल नुसतं उताराने इंजिनाकडे वाहायचं. खड्या चढावर टाकी खाली आणि इंजिन वर झालं की गाडी उपाशी. म्हणून लोक म्हणे हा चढ गाडी उलटी करून, रिव्हर्समध्ये चढवायचे. हे ऐकताच ह्यांनी मागे तोंड केलं आणि उलटे चढू लागले. गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणाले. वरून उतरणाऱ्या लोकांनीही काही विचारलं नाही, हसून 'गुड मॉर्निंग' म्हणाले. त्या रस्त्यावर रोज काय काय बघतात कोण जाणे. थोड्या वेळाने आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मीही वळले. खरंच बरं वाटतं. शिवाय आपण किती चढलो ते दिसत राहतं आणि किती उरलंय ते दिसत नाही.

वर पोचल्यावर मातीच्या रंगाची, जाड भिंतींची एक देखणी इमारत लागते. एलन ब्राउनिंग स्क्रिप्स नावाच्या, वृत्तपत्रांच्या धंद्यात पैसा कमावलेल्या बाईंनी इथल्या झाडांसाठी जमीन विकत घेतली आणि ही इमारतही बांधवली. १९२३ मध्ये ती उघडली, तेव्हा ते उपाहारगृह होतं. वा, म्हटलं, जागा नेमकी सापडली. बाकावर बसून मी पिशवीची चेन उघडली, आणि सुनेने तीच चेन हळूच लावली.

"आई, वर पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. खाली बीचवर चालतं."

"चहा?"

"चहाही नाही."

ह्यांनी त्या इमारतीकडे जे बघितलं ते एखाद्या बंद पडलेल्या गिरणीकडे बघावं तसं. शंभर वर्षांपूर्वी इथे लोक खुर्चीत बसून जेवत होते, आणि आज मी त्याच उंबऱ्यापाशी शेंगदाणा तोंडात टाकू शकत नाही. नियम योग्य आहे, हे मलाही पटतं. सांडलेल्या खाऊवर रानातले जीव जगायला लागले की बिघडतात. पण पटणं आणि पाठीवर चार किलोंची पिशवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (पिशवी मुलाच्या पाठीवर होती. मला तिची काळजी वाहायची होती.)

मग झाडं पाहिली. टॉरी पाइन हा अमेरिकेतला सर्वांत दुर्मिळ देशी पाइन. आपोआप उगवतो तो फक्त दोन ठिकाणी, इथे आणि सांता रोझा बेटावर. वीतभराहून लांब सुया, पाच-पाचच्या झुबक्यांत. इथे वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस. बाकी तहान झाड धुक्यावर भागवतं. सुयांवर धुकं जमतं आणि थेंब थेंब मुळाशी गळतं. १८५० मध्ये चार्ल्स पॅरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाला आपले गुरू जॉन टॉरी यांचं नाव दिलं. हे वाचून मी जरा वेळ तिथे थांबले. माझ्याही विद्यार्थ्यांनी माझं नाव ठेवलं होतं. 'भूकंप बाई'. झाडाला नाही, मलाच.

ह्यांनी तेवढ्यात पायाशी पडलेलं एक शंकू उचलून खिशात घातलं होतं, घरच्या शोकेससाठी. इथलं काहीही न्यायचं नाही, हा पुढचा नियम. सुनेने काही न म्हणता हात पुढे केला, आणि ह्यांनी शाळेत चिठ्ठी पकडली गेल्यासारखं ते तिच्या हातावर ठेवलं.

रेझर पॉइंटच्या वाटेवर मात्र मी पिशवी विसरले, हे कबूल करते. उजव्या-डाव्या हाताला घळया तुटत गेलेल्या. वरचा थर लोखंडाच्या गंजाने लालभडक, त्याखाली पिवळट पांढरा वालुकाश्म, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा, इतका मऊ की नुसत्या पावसाच्या पाण्याने त्याला पन्हळी पाडल्यात. धारेवरून चालताना दोन्ही बाजूंना तो खवल्यांसारखा, झालरींसारखा कातरलेला दिसतो. समुद्राजवळ सगळ्यात खाली हिरवट थर, त्यात कालवांच्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. 'वाहत्या पाण्याचे कार्य' हा धडा मी दरवर्षी दोन तासिकांत उरकायची. त्या मुलांची मी क्षमा मागते.

याच वाटेवर भानगड झाली. रॅटलस्नेकपासून, म्हणजे शेपटी खुळखुळवणाऱ्या विषारी सापापासून, सावध राहा, अशी पाटी मघाशी लागली होती. आमच्यापुढे एक मध्यमवयीन जोडपं चालत होतं. अचानक त्यातल्या बाई हात आडवा करून जागच्या जागी थिजल्या. आम्हीही थिजलो. सगळीकडे शांतता. काही नाही म्हणून पुन्हा पाऊल उचललं, तर लगेच स्पष्ट आवाज: खुळखुळ, खुळखुळ. पुन्हा सगळे थिजले. पुन्हा शांतता. त्या बाईंचा चेहरा पांढरा पडलेला, त्यांचे यजमान झुडपात नजर रोखून उभे. सून कुजबुजली, "थंडीत सहसा बाहेर येत नाहीत." मुलगा जरा मागे सरला, आणि साप त्याच्याबरोबर मागे सरला.

स्टीलचा डबा. अर्धा भरलेला. शेंगदाणे.

मुलाने त्यांना ते समजावून सांगितलं. त्या बाई इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मी त्यांना मूठभर दाणे देऊ केले असते, पण नियम.

टोकावर पोचलो तेव्हा दूर पाण्यात एक फवारा उडाला. ग्रे व्हेल. अलास्काकडच्या थंड समुद्रातून ते मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत जातात, आठ हजारांहून जास्त किलोमीटर, आणि वाटेत जवळजवळ काहीच खात नाहीत. सून हे फार कौतुकाने सांगत होती.

"त्यांना चहाची सवय नसेल," हे म्हणाले.

बीच ट्रेलने उतरायला लागलो तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. उतार चढापेक्षा वाईट असतो, हे समोच्च रेषांत कुठेच लिहिलेलं नसतं. पण खाली बीच आहे, बीचवर परवानगी आहे, हे मनात धरून पायऱ्या उतरत होते. थालीपीठावर आधी चटणी घ्यायची की नंतर, इतपर्यंत माझं ठरलं होतं. शेवटी वाट कड्याच्या एका चिरेतून अरुंद होत जाते, आणि मग पायऱ्या संपून वाळू लागते.

म्हणजे लागायला हवी. पायऱ्यांच्या तळाशी समुद्र होता.

एक लाट आली, कड्यावर आपटली, खालच्या पायरीवर फेस सोडून गेली. उजवीकडे, जिकडे आमची गाडी, तिकडे पाणी. डावीकडे फ्लॅट रॉक नावाचा सपाट खडक. तोही अधूनमधूनच दिसत होता. जी काही दोन हात जमीन पाण्याबाहेर राहिली होती ती गोट्यांची. हिवाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू आत ओढून नेतात आणि उन्हाळ्यातल्या ती परत आणून टाकतात. हेही मी शिकवलंय.

कोणी काही बोललं नाही. सुनेने मोबाइल काढला, बघितला आणि खिशात ठेवला. तिच्या आईने तिला फार चांगलं वळण लावलंय.

"पावणेचारला ना गं?" ह्यांनी विचारलं. त्यांच्या आईने तेवढं लावलेलं नाही.

चूक आजोबांची नव्हती. चंद्र डोक्यावर आल्यापासून भरती किती वेळाने येणार, ते प्रत्येक किनाऱ्याचं वेगवेगळं असतं. समुद्राचा तळ आणि किनाऱ्याची ठेवण ते ठरवतात. तीन चतुर्थांशाचा हिशेब कोकणच्या किनाऱ्याने बसवलेला, तो प्रशांत महासागर कशाला ऐकेल? शिवाय कॅलिफोर्नियात दिवसाच्या दोन भरत्या सारख्याही नसतात, एक मोठी आणि एक लहान. हे सगळं मी तिथल्या तिथे, पायरीवर उभं राहून, नीट समजावून सांगितलं. पुढच्या लाटेने चपला भिजल्या तेव्हा थांबले.

आता अडचण अशी, की बीचवर खायची परवानगी होती, पण बीच पाण्याखाली होता. आम्ही उभे होतो ती पायरी बीचमध्ये धरायची की ट्रेलमध्ये, यावर ह्यांनी आणि मुलाने बराच खल केला. ह्यांचं म्हणणं, फेस लागलेली पायरी ती बीचची. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही, पण सून नुसती "बाबा" म्हणाली आणि थर्मासचं झाकण पुन्हा बसलं.

परतीच्या चढणीबद्दल मी फार लिहीत नाही. पाऊण मैल हा आकडा उतरताना वेगळा आणि चढताना वेगळा असतो, एवढंच. वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस 'आता आलंच' असं सांगत होता. लोक दयाळू आहेत. त्या उपाहारगृहाच्या बाकावर आम्ही पुन्हा अर्धा तास बसलो आणि पाणी प्यालो. मग डांबरी रस्त्याने खाली. उतरताना उलटं चालून पाहिलं. नाही जमत.

गाडीपाशी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. डिकी उघडून, हायवेच्या कडेला, शेजारून गाड्या भरधाव जात असताना आम्ही जेवलो. थालीपीठं चामड्यासारखी झाली होती आणि त्यातलं एकही उरलं नाही. चहा कोमट. ह्यांनी तो डोळे मिटून प्यायला. जेवण झाल्यावर मुलाने सीट मागे केली आणि तो झोपला, हेही झोपले. सून आणि मी डिकीत पाय सोडून समुद्राकडे बघत बसलो. पाणी मागे मागे सरत होतं. गोटे उघडे पडले, मग ओली वाळू, मग तिच्यावरून पळणारं एक लहान मूल, मग एक अख्खं कुटुंब, छत्री वगैरे घेऊन.

सुनेने घड्याळ बघितलं. पावणेचार.

तिने माझ्याकडे बघितलं नाही, वाळूकडेच बघत राहिली. "आई," ती म्हणाली, "आता पूर्ण भरती ना?"

मी डब्यातला शेवटचा लाडू काढून तिच्या हातात ठेवला. "खा तू," म्हटलं.