अख्ख्या वाडीचे पासवर्ड माझ्या दुकानात

परवा दुकानात जे झालं ते आता सांगताना हसू येतंय, पण तेव्हा घाम फुटला होता. मालवणात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन कामांचं दुकान आहे हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, लाईट बिल, पॅन कार्ड, जीएसटी, रेल्वेचं तिकीट, होमस्टेची नोंदणी, जे पडेल ते काम. तर एक गृहस्थ आले, म्हणाले माझा मेल उघड, बुकिंगची पावती छापायची आहे. मी मेल उघडला, ते चष्मा पुढे-मागे करत दोन मिनिटं वाचत बसले आणि मग हळूच म्हणाले, "अरे, ह्या माजा मेल न्हय रे." बघतो तर त्यांच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या होमस्टेवाल्याचा इनबॉक्स उघडा! दोघांचं गेली तीन वर्षं कुंपणावरून बोलणं बंद आहे. आणि त्या दुसऱ्याने मे महिन्यात खोलीचे दर काय लावले होते ते सगळं या गृहस्थांनी आरामात वाचून घेतलेलं.

चूक माझी. आदल्या दिवशी तो दुसरा येऊन गेला होता, गर्दी होती, पासवर्ड सेव्ह करू का असं कॉम्प्युटरने विचारलं आणि मी सवयीने हो दाबलं. रात्री बसून बघितलं तर माझ्या त्या एका कॉम्प्युटरमध्ये ६० च्या वर लोकांचे पासवर्ड साठलेले. शिवाय गिऱ्हाइकांचे पासवर्ड लिहून ठेवलेली माझी वही वेगळीच. म्हणजे आमच्याकडची बँकेची पासबुकं सोडली तर अर्ध्या वाडीचा धंदा माझ्या टेबलाच्या खणात पडून होता आणि ते मलाही माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

त्या रात्री ते सगळे पुसून टाकले, वहीची पानं फाडून चुलीत घातली. आता जो येईल त्याला सांगतो की बाबा, तुझा पासवर्ड तू टाईप कर. काही जण रागावले. एक जण म्हणाला, तुझ्यावर विश्वास नाही का आमचा. अहो विश्वासाचा प्रश्नच नाही! घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतोच की आपण, पण कुठल्या शेजाऱ्याकडे ठेवली ते आपल्याला आठवत असतं. इथे तेच आठवत नाही. माझ्या पाहण्यात तरी आपल्या छोट्या धंद्यांचे पासवर्ड चोरीला कमी जातात, आपणच ते प्रेमाने वाटतो आणि विसरतो. भाच्याला, सीएच्या ऑफिसातल्या मुलीला, सीझनपुरत्या आलेल्या पोराला, मला.

त्यातलं सगळ्यात जास्त बघितलेलं म्हणजे भाच्याचं प्रकरण. मुंबईचा भाचा गणपतीला येतो, दोन दिवसात मामीच्या होमस्टेचं गुगलवर पान करून देतो, इन्स्टा काढून देतो, फोटो मस्त घालतो. हे सगळं करतो स्वतःच्या मेलवर, कारण मामीला मेल नसतो किंवा असला तरी फोनबरोबर दुकानदाराने काढून दिलेला, त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. चार वर्षं छान चालतं. मग भाचा फोन बदलतो, नाहीतर जमिनीच्या वाटणीवरून घरात बोलाचाली होते, किंवा काहीच होत नाही, फक्त त्याला वेळ नसतो. देवबागच्या एका काकींचं असंच झालं. भर मे महिन्यात त्यांच्या पानावरचा फोन नंबर बदलला गेला होता. गुगल मॅपवर कोणीही बदल सुचवू शकतो, मालकाने लक्ष ठेवलं नाही तर कधीकधी तो बदल तसाच लागूनही जातो. काकींना वाटत होतं यंदा सीझनच थंड आहे. पर्यटक फोन करत होते, उचलत होता भलताच कोणीतरी, आणि एका कुटुंबाने तर ॲडव्हान्सही भरला होता. ते लोक रात्री नऊ वाजता बॅगा घेऊन दारात उभे, आणि काकींकडे त्यांचं नावसुद्धा नाही. काकींनी त्यांना जेवायला घातलं, पडवीत झोपवलं, पैसे घेतले नाहीत. ते काकी आहेत म्हणून.

तेव्हा माझं पहिलं सांगणं हे की धंद्याचा एक मेल धंद्याच्या नावाने काढा, तुमच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर, आणि गुगलचं पान, इन्स्टा, फेसबुक, बुकिंगच्या साईट्स सगळं हळूहळू त्याच्यावर आणा. गुगलच्या पानावर भाच्याला मॅनेजर म्हणून ठेवता येतं, मूळ मालक तुम्ही व्हा. तो फोटो घालेल, उत्तरं देईल, पण घर तुमच्या नावावर राहील. भाच्याला वाईट वाटायचं काही कारण नाही, उलट त्याची सुटका.

आणि हा मोबाईल नंबर पण जरा बघा, यात आपल्याकडची एक खास गोची आहे. स्कूबावाले, स्टॉलवाले, बोटवाले बऱ्याच जणांचा सीझनचा नंबर वेगळा असतो, बोर्डावर तोच लिहिलेला. पावसाळा लागला की तो फोन खणात जातो, रिचार्ज कोण करणार, धंदाच नाही. आता जूनपासून सप्टेंबरअखेर मोजा, १२२ दिवस होतात. बॅलन्स नसलेलं प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणालातरी मिळू शकतो. मग तुमच्या मेलचा ओटीपी, व्हॉट्सॲपचा ओटीपी कोणाच्या हातात जाणार? तेव्हा खणातला फोन काढा, छोटं का होईना रिचार्ज मारा, अधूनमधून एखादा फोन लावा त्याच्यावरून. आणि सिम कोणाच्या नावावर आहे तेही बघून ठेवा, आमच्याकडे एकाचं धंद्याचं सिम जुन्या पार्टनरच्या आधारवर निघालं.

जीएसटीचं सांगायचं तर त्यात सीए लोकांना मी दोष देणार नाही, त्यांच्याकडे शंभर क्लायंट, प्रत्येकाला ओटीपी विचारत बसले तर रिटर्न कधी भरणार. म्हणून ते नोंदणी करताना स्वतःचाच मेल आणि मोबाईल टाकतात. पण पुढे त्यांच्याशी जमलं नाही की तुम्ही तुमच्याच खात्याच्या बाहेर. हे इतकं सर्रास होतं की २०१८ मध्ये सरकारलाच पत्रक काढून सांगावं लागलं की अशा वेळी तुमच्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जा, तो मेल आणि मोबाईल बदलून देतो. मी दोघांना पाठवलंय, हेलपाटे पडले पण काम झालं.

आता पासवर्ड. माझ्याकडे येणाऱ्यांच्यात मालवण@१२३ हा एक नंबर, त्याखालोखाल मुलाचं नाव आणि जन्मसाल, मग गाडीचा नंबर. आणि सगळ्यांचा समज असा की एक मोठं अक्षर, एक आकडा, एक ते ॲटचं चिन्ह घातलं की झाला पक्का. हा नियम आला कुठून माहितीये? अमेरिकेत एनआयएसटी म्हणून सरकारी संस्था आहे, तिथे बिल बर नावाच्या माणसाने २००३ मध्ये पासवर्ड कसा असावा याच्या सूचना लिहिल्या, अक्षरं-आकडे-चिन्हं मिसळा, दर थोड्या दिवसांनी बदला वगैरे. जगभरच्या बँकांनी, ऑफिसांनी तेच उचललं. २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, त्यानेच कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नियम फिरवले, चिन्हांची सक्ती नको, उगाच दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलायला लावू नका, लांबी महत्त्वाची. कारण माणसाला बदल म्हटलं की माणूस १२३ चं १२४ करतो. मी पण केलंय.

म्हणून लांब ठेवा. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द घ्या, समजा कावळा, पायरी, तिखट, मंगळवार, इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, झाला पासवर्ड, डोळ्यासमोर चित्र येतं म्हणून लक्षातही राहतो. (हाच घेऊ नका, आता हा सगळ्यांना कळला.) मालवणी शब्द घेतलेत तर अजून बरं, पण आपल्या धंद्याचं, गावाचं, देवाचं नाव नको.

आणि एकच पासवर्ड सगळीकडे नको, हे जरा नीट सांगतो कारण इथेच बहुतेक जण हसतात, म्हणतात माझ्या खात्यात कोणाला काय रस. अहो तुम्हाला शोधत कोणी येतच नाही! तुम्ही कधीतरी कुठल्यातरी फालतू साईटवरून गळ नाहीतर टी-शर्ट मागवला, तिथे मेल आणि पासवर्ड टाकला, ती साईट फुटली, लाखो लोकांची यादी बाहेर गेली. मग त्या यादीतल्या जोड्या मशीन आपोआप सगळीकडे लावून बघतं, मेलला, फेसबुकला, इन्स्टाला. कुलूप फोडतच नाहीत, तुमचीच किल्ली दुसऱ्या दाराला लागते का ते बघतात. निदान मेलचा पासवर्ड तरी बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा पाहिजे, कारण बाकी बहुतेक ठिकाणचे पासवर्ड मेलमधूनच बदलता येतात.

इतके लक्षात कसे राहणार? लिहून ठेवा. हो, कागदावर. माझ्या या म्हणण्यावर कॉम्प्युटर शिकलेली पोरं तुटून पडतात, पण मी ठाम आहे. परदेशात बसलेला चोर तुमच्या देवबागच्या घरातली वही वाचायला येत नाही. घरात कपाटात ठेवलेली वही चालेल. काउंटरवर वायफायच्या कागदाशेजारी चिकटवलेली चिठ्ठी नाही चालणार, आणि फोनमध्ये काढलेला वहीचा फोटो तर अजिबात नाही. ज्यांना जमेल त्यांनी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं ॲप, वापरा, मी वापरतो, पण सत्तरीच्या आजोबांना मी वहीच सांगतो. बँकेचा आणि यूपीआयचा पिन मात्र वहीत सुद्धा नको.

वहीत अजून एक गोष्ट लिहायची. मेलला दुसरी पायरी लावली, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर कोड येतो ती, की गुगल बॅकअप कोड घेऊ देतो, दहा असतात, एकेक एकदाच चालतो. ते उतरवून ठेवा. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस ना लाईट ना नेटवर्क, माझा फोन त्यात भिजून मेला, आणि नंतर कणकवलीला जाऊन दुसऱ्याच्या फोनवर मेल उघडायला बसलो तर कोड जातोय त्या मेलेल्या फोनवर. कागद असता तर दोन मिनिटांचं काम होतं. व्हॉट्सॲपला पण तो सहा आकडी पिन लावा, सेटिंगमध्ये टू-स्टेप म्हणून आहे, आणि तिथेच लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, गेल्या सीझनला काउंटरवर असलेल्या पोराच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप अजून चालू निघेल.

बाकीचं सगळ्यांना माहीत असतं तरी पटकन सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. तो आर्मीतून बोलतोय म्हणणारा, पंधरा जवानांचं बुकिंग आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणणारा, त्याचा फोन ठेवून द्या, स्कॅन करणारा पैसे देत असतो, घेत नसतो. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून आलेली एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी फाईल, उघडायची नाही, पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागते का? स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही. सकाळी दुकान उघडताना स्टँडवरचा क्यूआर आपलाच आहे ना ते एकदा स्कॅन करून नाव बघा.

आणि तरी झालंच तर लाजू नका. लाजण्यात वेळ जातो आणि तोच महाग पडतो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा, लगेच, पैसे पुढे फिरायच्या आत अडवता आले तर तिथेच अडतात, आणि बँकेलाही तेव्हाच कळवा. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, तुमचा दोष नसताना बाहेरच्या कोणी गडबड केली आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत तर नुकसान तुमच्यावर नाही. पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून घाईच फायद्याची. इथे एकाने बायकोला कळू नये म्हणून आठ दिवस काढले, मग माझ्याकडे आला. शेवटी बायकोनेच तक्रार लिहून दिली.

आत्ता हे सगळं लिहायचं कारण एवढंच की ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, होमस्टे रिकामे. ही कामं आत्ता नाही तर दिवाळीच्या गर्दीत होणार नाहीत. दुपारी दोन ते चार मी मोकळा असतो, या, पैसे नको, फक्त फोन चार्ज करून आणा.

काकी काल आल्या होत्या. धंद्याचा नवीन मेल काढला, भाच्याला फोन लावून पान त्यावर घेतलं, त्यानेही कुरकुर न करता दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा काकींनी मला खुर्चीवरून उठवलं आणि कीबोर्डवर पदर धरला. मी तसाच उभा. तर म्हणतात, "कोणाक सांगूचा नाय म्हणतस, मगे तू हयसर कित्या बघतस? भायर बघ." एका बोटाने दहा मिनिटं लागली त्यांना. मी दारात उभा राहून पावसात भिजणारा समोरचा बोर्ड बघत होतो, आणि मागून मध्येच विचारणा, "सुंगटातलो सु कसो लिवतत रे इंग्रजीत?"