जुनी नंबर प्लेट नव्या गाडीला कशी लावावी

अभिनंदन! नवी गाडी दारात आली. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, चार चाकांखाली चार लिंबं चिरडली, शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची भली थोरली किल्ली हातात देऊन फोटो काढला. पेढेही वाटून झाले. आता एकच काटा राहिला. नंबर.

आधीच्या गाडीचा नंबर म्हणजे काय होता! एकच आकडा उरेपर्यंत बेरीज करत गेलं की नऊ. त्या नंबरावर मुलीचं लग्न जमलं, गुंठेवारीचा प्लॉट नियमित झाला, एकदा खंबाटकी घाटात ब्रेक लागेना तरी कुणाला खरचटलं नाही. आणि या नव्या गाडीच्या नंबराची बेरीज आठ. आठ म्हणजे शनी. वीस लाखांच्या गाडीत शनीला पुढच्या सीटवर बसवून फिरायचं? छे! जुनी गाडी विकलीत ते ठीक, पण तिची प्लेट माळ्यावर आहे ना, वर्तमानपत्रात गुंडाळलेली? मग काढा खाली. आपली प्लेट, आपली गाडी, आपल्याला कोण विचारणार?

कशी लावायची ते क्रमानं सांगतो.

आधी नव्या प्लेटा उतरवाव्या लागतील, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट शोरूममधूनच लागून येते. तिला स्क्रू नसतो, स्नॅप लॉक असतं. ते एकदा दाबून बसवलं की पान्यानं, पकडीनं, शिव्यांनी, कशानंही निघत नाही. काढायचं म्हणजे तोडायचंच, अशाच बेतानं केलेलं. त्याचं डोकं ड्रिलनं उडवा. जरा सांभाळून, प्लेटचा ॲल्युमिनियमचा पत्रा अवघा एक मिलिमीटर जाडीचा. हात घसरला की बिट पत्र्यातून सरळ बंपरच्या प्लास्टिकात. भोक पडलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते झाकायला तुमची लकी प्लेट आहेच.

मागच्या बाजूला मात्र गोची होते. गाडीची प्लेट दोन मापांत येते: ५०० बाय १२० मिलिमीटरची लांबट आणि ३४० बाय २०० ची आखूड-उंच. जुनी लांबट असेल आणि नव्या डिकीतली जागा आखूड, तर प्लेट दोन्हीकडून कानांसारखी बाहेर येईल. अशा वेळी कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडे जावं. देवमाणूस. हव्या त्या मापाची प्लेट तो चहा संपायच्या आत करून देतो. आरसी मागत नाही, नंबर कुणाचा ते विचारत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातला नियम ५१ म्हणतो की कारच्या प्लेटवर अक्षर-आकड्यांची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० आणि मधलं अंतर १०. रेडियमवाला म्हणतो, ‘साहेब, ४१४१ असता तर दादा करून दिला असता.’

काचेवरचा स्टिकर सोलून टाका. त्याच्या चिंध्या होतील. तो सोलला तर फाटावा असाच बनवलेला असतो. पण टाकावाच लागेल, कारण त्या १०० बाय ६० मिलिमीटरच्या चिटोऱ्यावर गाडीचा खरा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि पुढच्या-मागच्या प्लेटवर लेझरनं कोरलेले दोन वेगवेगळे क्रमांक, सगळं छापलेलं असतं. एवढी चुगलखोर वस्तू घरात, आय मीन, गाडीत कशाला?

फास्टॅग खऱ्या नंबरावर असेल, तोही काढा आणि टोलवर दर वेळी जादा भरा. यूपीआयनं दिलेत तर सव्वापटीत भागेल, केवढी बचत.

पीयूसीला जाताना थोडा अभिनय लागेल. तिथला मुलगा प्लेटचा फोटो काढतो, नंबर टाकतो, आणि गाडी कुठल्या इंधनाची, कुठल्या सालची हे ‘वाहन’ या सरकारी यादीतल्या नोंदीतून आपोआप येतं. तुमची जुनी गाडी होती डिझेल, नवी आहे सीएनजी. पडद्यावर डिझेलची चाचणी उघडणार आणि सायलेन्सरमधून डिझेलचा धूर काही निघणार नाही. तुम्ही म्हणा, ‘इंजिन फारच चांगलं ठेवलंय.’

विमा? विमा उतरवलाय की, खऱ्या नंबरावर आणि खऱ्या चेसिसवर. अपघात झाला की सर्व्हेअर येतो, चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो, छाप उमटवतो आणि मग मान वर करून प्लेटकडे बघतो. पुन्हा छापाकडे. पुन्हा प्लेटकडे. त्या वेळी त्याला नवाची बेरीज समजावून सांगा.

(जाता जाता: जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर खरोखर नेता येणारी एक गोष्ट आहे, नो क्लेम बोनस. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यात ५० टक्के सूट. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी गाडी विकल्याचा कागद दाखवून विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. पण ते घ्यायचं नेमकं विसरायचं आणि पत्रा तेवढा जपून ठेवायचा, ही आपली रीत.)

सोसायटीच्या वॉचमनला काही सांगू नका. तो गाडी रंगावरून ओळखतो, शहाणा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेऱ्याला बिलकुल घाबरू नका. कॅमेरा माणूस ओळखत नाही, गाडी ओळखत नाही. तो प्लेट वाचतो आणि त्या नंबरापुढे ज्याचं नाव असेल त्याच्या मोबाइलवर चलन धाडतो. तुमचं नाव तिथे आता नाहीच! जुनी गाडी देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या होत्यात, आठवतं? गाडी नंबरासकट दुसऱ्याच्या नावावर गेली. तेव्हा पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कारला १०० ची मर्यादा आणि घाटात ६० ची, ही बाकीच्यांना. तुम्ही दाबा. सिग्नल तोडा. नो पार्किंगमध्ये लावून मिसळ खायला जा. बिल दुसरा कुणीतरी भरतोय अशी चैन आयुष्यात किती वेळा मिळते?

तो दुसरा कोण, हेही सांगतो. ज्यानं तुमची जुनी गाडी तुम्ही सांगितलेल्या किमतीला, ‘सिंगल हँडेड आहे, रविवारीच बाहेर काढायचो’ हे ऐकून घेतली, तो. ज्यानं त्याच नंबरासाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे भरून, अपॉइंटमेंटच्या तारखांशी झुंजून, अर्धी रजा टाकून हाय सिक्युरिटी प्लेट बसवून घेतली, तो. त्याला मंगळवारी सकाळी मेसेज येतो: वेगमर्यादा ओलांडली, दंड २००० रुपये. गाडी खाली कव्हर घालून उभी. चलनावरचा फोटो उघडला तर भलीमोठी पांढरी एसयूव्ही, काळ्या काचा. नोंदीत आहे राखाडी हॅचबॅक. फोटो बोटांनी मोठा करून बघावा: प्लेटच्या डाव्या बाजूला निळं ‘इंड’ नाही, वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्रॅम नाही, आकड्यांच्या काळ्या पट्टीवर तिरकं ‘इंडिया’ नाही. चार गोल डोक्याचे स्क्रू आहेत. आणि नंबर? शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. कंपनी, मॉडेल, रंग, सगळं सरकारच्याच नोंदीत पडलेलं असताना चलन धाडण्याआधी कुणी जुळवून का पाहत नाही, हे विचारू नये. विचारलं की ‘ऑनलाइन तक्रार करा’ म्हणतात.

तीही करायची. चलनाचा क्रमांक, आरसी, गाडीचा पुढून, मागून, बाजूनं फोटो, लेझरचा क्रमांक वाचता येईल असा प्लेटचा जवळून फोटो. फाइल मोठी आहे, लहान करा. लहान केली तर क्रमांक वाचता येत नाही. गाडी त्या दिवशी जागेवरच होती याचा पुरावा म्हणून सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण मागायला जावं, तर सेक्रेटरी म्हणणार, आठवड्याच्या मागचं आपोआप पुसलं जातं. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. ‘साहेब बंदोबस्ताला आहेत.’ ‘ही हद्द आमची नाही.’ ‘गाडी घेऊन या, बघू.’ गाडी घेऊन गेलं की ‘पण ही तर वेगळी दिसते.’ अहो, म्हणूनच तर आलोय! पोच मागितली की शिक्का सापडत नाही. तेवढ्यात दुसरं चलन. तिसरं चलन. गाडी पुढे विकायची म्हटली तर थकीत चलनांवरून अडणार. आणि हे नुसतं चलनाचं झालं. उद्या ती पांढरी गाडी रात्री कुणाला उडवून निघून गेली आणि कुणीतरी नंबर टिपला, तर पोलीस कुणाच्या दारात येतील? शनी असलेल्याच्या की नऊ बेरजेवाल्याच्या?

हे चलन कुणाच्या मोबाइलवर आलंय ते एव्हाना कळलंच असेल. तेव्हा थट्टा पुरे.

नंबर तुमचा कधीच नव्हता. तो त्या चेसिसचा होता. मालक बदलला तरी तो गाडीबरोबर राहतो; गाडी कायमची दुसऱ्या राज्यात नेली तर बदलतो; गाडी मोडीत काढली तर नोंदणी रद्द करून घ्यायची असते. मालकाच्या मनात आलं म्हणून तो उडी मारून दुसऱ्या गाडीवर बसत नाही. ‘आमचा पुतण्या लंडनला तोच नंबर तिसऱ्या गाडीवर वापरतोय’ हे ऐकवू नका. तिथे त्याचा कायदेशीर मार्ग आहे, ८० पौंड भरून आधी नंबर जुन्या गाडीवरून सोडवून घेतात आणि त्या गाडीला दुसरा नंबर मिळतो. न्यूयॉर्कमध्ये प्लेट मालकाची असते, कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीबरोबरच जाते. आपल्याकडे दिल्लीतही जुना नंबर राखून ठेवायची सोय आहे. जिथे कुठे सोय आहे तिथे ती परिवहन खात्याला सांगून होते, आणि एक नंबर एका वेळी एकाच गाडीवर असतो. माळ्यावरून प्लेट काढून ड्रिल मारणं हा मार्ग कुठल्याच देशात नाही. तुमच्या नव्या गाडीवर तिचा स्वतःचा नंबर नाही, म्हणजे कलम ३९ चा भंग. कलम १९२ खाली पहिल्यांदा २ ते ५ हजार दंड, पुन्हा सापडलात तर ५ ते १० हजार किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. बनावट आणि फसवणुकीचा गुन्हा वर वेगळा.

आणि बेरजेचंच इतकं होतं, तर नोंदणीच्या आधी तोंड उघडायचं. ०००१ ते ९९९९ मध्ये नऊ बेरजेचे ११११ नंबर असतात, दर मालिकेत. पसंतीचा नंबर आरटीओत रीतसर फी भरून मिळतो. एकाच नंबराला दोघं-तिघं आले तर लिलाव होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये चारचाकीच्या ०००१ ची फी पाच लाख, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी सहा लाख झाली खरी, पण तुम्हाला ०००१ कुठे हवा होता? वीस लाखांच्या गाडीला सात हजारांचे सीट कव्हर घेतलेत, परफ्यूम घेतलात, डॅशबोर्डवर मान हलवणारा कुत्रा घेतलात, आणि नंबर घ्यायच्या वेळी दुसऱ्याचा चोरलात. चोरलात हाच शब्द आहे. आणि आठची बेरीजही ११११ नंबरांची येते बरं का. ती माणसं गाड्या चालवतातच, दंड स्वतःचा स्वतः भरतात.

ती प्लेट उतरवा. पत्रा कापायच्या कात्रीनं आकड्यांच्या मधून आडवी-उभी कापा आणि मग भंगारात द्या, अख्खी देऊ नका. शोरूमला जाऊन तोडलेल्या प्लेटच्या जागी रीतसर दुसरी मागवा. आणि ती तीन चलनं भरा. साइटवर गाडीचा नंबर विचारतात, तो तुम्हाला पाठ आहे. चेसिसचे शेवटचे चार आकडे विचारतात, तेही मिळतील; जुन्या आरसीची झेरॉक्स त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेली असेल.