तक्रार इरफाननेच का द्यायची?

रविवारी कट्ट्यावर आलो तर इरफान गप्प. आदल्या दिवशी चौकातल्या सभेत ‘यांच्या दुकानात पाऊल टाकू नका’ असं माईकवरून सांगितलं गेलं. त्याचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर.

“तक्रार दे,” मी म्हणालो.

“देतो. आणि सोमवारी दुकान कुठल्या तोंडाने उघडू?”

मला माझंच बोलणं लागलं.

वैशाली वकील आहे. म्हणाली, “त्याने द्यायची गरजच नाही. द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन राज्यांच्या पोलिसांना बजावलं, एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना. त्याआधी फेब्रुवारीत मुंबईतल्या एका सभेचं चित्रीकरण करायला पोलिसांना सांगितलं होतं.”

सुहास उसळला. “पोलिसांच्या हातात आणखी द्या! २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून उचललं, विसरलात? काँग्रेसचे खासदार इम्रान प्रतापगढींवर तर कवितेवरून गुन्हा. सुप्रीम कोर्टात जाऊन रद्द झाला तो, मार्च २०२५ मध्ये.”

खरं होतं त्याचं. पण कविता आणि शेजाऱ्याची रोजी तोडायची हाक यांतला फरक ठाणेदाराला कळत नाही, हे मला पटत नाही. कळतो. पुढे काय होणार, हेही त्याला कळत असतं.

“पुढे म्हणजे मंजुरी,” वैशाली म्हणाली. समाजासमाजांत तेढ पसरवण्याचं कलम, पूर्वीच्या दंड संहितेतलं १५३ अ, आता न्याय संहितेचं १९६. खटला उभा राहायला सरकारची मंजुरी लागते. सरकार फाइलवर बसलं की संपलं. १९९२-९३च्या दंगलीच्या काळातल्या ‘सामना’च्या अग्रलेखांवरून बाळासाहेब ठाकरेंना अटक झाली ती जुलै २००० मध्ये. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, कोर्टाने दखल घ्यायची मुदतही तीनच वर्षं. मुदत उलटली म्हणून मॅजिस्ट्रेटने त्याच दिवशी प्रकरण बंद केलं. सरकारं बदलली, पण मंजुरीची किल्ली अजून मंत्रालयातच आहे. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

“मग अर्ज देऊन उपयोग काय?” इरफानने विचारलं.

“तारखेनिशी नोंद राहते,” वैशाली म्हणाली. “उद्या कोणी म्हणायला नको, आम्हाला ठाऊक नव्हतं. सभेचं रेकॉर्डिंग आहे कुणाकडे?”

सुहासने मोबाइल पुढे केला. “पूर्ण आहे. पण अर्जावर आमची तिघांची नावं घाल. इरफानचं नको.”