उलटं घड्याळ

आठवीच्या वर्गाला मी 31 वर्षं भूगोल शिकवला. त्यातलं एक वाक्य मी झोपेतही म्हणते, असं घरचे सांगतात : एका अंशाला चार मिनिटं, पूर्वेला अधिक, पश्चिमेला उणे. आपल्या देशाची प्रमाण वेळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची, ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. हे फळ्यावर लिहिलं की दर वर्षी मागच्या बाकावरून एक तरी हात वर यायचा. एका वर्षी प्रश्न आला, "बाई, मिर्झापूरचं घड्याळ बंद पडलं तर?" वर्ग हसला. मीही हसले. उत्तर मात्र दिलं नाही, कारण तेवढ्यात तास संपला होता.

घरी हा धडा शिकवायची चूक केली नसती तर बरं झालं असतं. सांगली मिर्झापूरच्या रेषेपासून आठ अंश पश्चिमेला, म्हणजे आपला खरा सूर्य घड्याळाच्या 32 मिनिटं मागे चालतो, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी कौतुकानं यांना सांगितलं. तेव्हापासून कुठल्याही लग्नाला, बारशाला आम्ही अर्धा तास उशिरा पोचतो आणि हे यजमानांना शांतपणे सांगतात, "सांगलीच्या स्थानिक वेळेनं वेळेवर आहे मी." तसा दोष रक्तातलाच. माझे सासरे गिरगावातले. देशाची प्रमाण वेळ 1906 साली ठरली, पण मुंबईत 39 मिनिटं मागे चालणारी 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत टिकून होती. त्यामुळे "किती वाजले?" याला सासऱ्यांचं उत्तर असायचं, "कुठले?"

मुलगा नोव्हेंबरात लंडनला गेला आणि माझा धडा पहिल्यांदाच उपयोगी पडायची वेळ आली. साडेपाच तास वजा करायचे, एवढंच. पण बँकेत तीस वर्षं व्याज मोजलेल्या माणसाला साडेपाच वजा करताना घाम फुटायचा. दोनदा पहाटे तीनला पोराला उठवून झालं. शेवटी मी वर्गात दाखवायची ती जादू यांना दाखवली. काट्यांचं घड्याळ हातात घ्यायचं आणि उलटं धरायचं. आपल्याकडे बारा वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेसहा दिसतात, आणि लंडनमध्ये साडेसहाच वाजलेले असतात! तासकाटा थोडा रेंगाळतो, पण काम भागतं. मुलं या जादूवर खूश व्हायची आणि दोन मिनिटांत विसरून जायची.

हे विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी दूध आणून येते तो दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ खिळ्याला उलटं टांगलेलं. वर सहा, खाली बारा. "आता वजाबाकी नको," हे म्हणाले. स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे, कारण मला शाळेत वेळेवर जायचं असायचं. ते मी निवृत्त झाल्यावरही तसंच. दिवाणखान्यातलं लंडनचं. खरी वेळ कळायची ती फक्त शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्टीवरून. घरी येणारा प्रत्येक जण सोफ्यावर बसला की आधी मान वाकडी करायचा. गॅस सिलिंडरवाला तर म्हणाला, "काकू, भूकंप झाला का?"

हिवाळाभर यांनी दुपारी बरोबर दीडला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, पोरगा कामाला बसायच्या आत फोन केला. मार्चचा शेवटचा रविवार गेला. सोमवारी दुपारी दीडला फोन लावला. तिकडे नऊ वाजले होते. मुलगा मीटिंगमध्ये होता आणि आडवेळी बाबांचा फोन म्हणजे घरी काहीतरी झालं, असं वाटून त्यानं घाबरून तिथल्या तिथे उचलला. समोर बनियनमधले हे. आणि पहिला प्रश्न नेहमीचाच, "काय रे, पोट साफ झालं का?" साहेबांना काही कळलं नाही. पण त्या खोलीत एक नाशिकची मुलगी होती.

उन्हाळ्यात तिकडचे लोक घड्याळ एक तास पुढे करतात, ही प्रथा 1916 पासूनची, हे मला माहीत होतं. पुस्तकातल्या चौकटीत असलेलं सगळं मला माहीत असतं. परीक्षेला येत नाही म्हणून लक्षात राहत नाही, इतकंच.

पुढच्या मार्चमध्ये आम्हीच तिकडे गेलो. प्रवासाचं काय सांगायचं, सगळ्यांचा सारखाच असतो : मेथीचे ठेपले, विमानतळावर पायातले बूट काढा, आणि खिडकीची जागा मिळूनही बाहेर पंखच दिसणं. यांनी मनगटावरचं घड्याळ शेवटपर्यंत बदललं नाही. "परत जायचंच आहे ना," हे कारण. रक्तदाबाची गोळी भारतीय वेळेनं, जेवण इंग्लंडच्या वेळेनं आणि झोप कुठल्याही.

आणि तो शेवटचा रविवार आला. मुलानं शनिवारी रात्री सांगितलं, "बाबा, आज रात्री एकाचे एकदम दोन वाजणार. एक तास कमी."

"कमी म्हणजे? गेला कुठे?"

"ऑक्टोबरमध्ये परत मिळतो, बाबा. शेवटच्या रविवारी दोनाचा परत एक होतो."

हे उठून बसले. "म्हणजे ठेव आहे. पावती?"

"बाबा, पावती कसली..."

"व्याज नाही, पावती नाही. आणि आमचं परतीचं तिकीट मेचं. ऑक्टोबरात आम्ही सांगलीत. म्हणजे आमचा तास बुडाला की रे!"

सकाळी मुलाच्या स्वयंपाकघरातलं ओव्हनचं घड्याळ जुनीच वेळ दाखवत होतं. ते बदलायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. "ऑक्टोबरात आपोआप बरोबर होईल," म्हणाला. यांनी दिवसभर त्या ओव्हनवरच भरवसा ठेवला. निदान एक यंत्र तरी प्रामाणिक आहे, म्हणे.

एप्रिलमध्ये मुलानं मला ग्रिनिचला नेलं. 31 वर्षं जिची भक्ती केली, तिचं दर्शन. 1884 साली वॉशिंग्टनमध्ये 25 देशांनी बसून ठरवलेली ती शून्य अंशाची रेषा! टेकडी चढताना मला धाप लागली होती आणि थोडं रडूही येत होतं. वेधशाळेच्या फाटकाशीच भिंतीत एक मोठं जुनं घड्याळ आहे, 1852 सालचं, 24 तासांचं. त्यात शून्य वर आणि बारा खाली. मुलाच्या घड्याळात दुपारचा एक वाजला होता आणि हे घड्याळ बारा दाखवत होतं, कारण ते वर्षभर ग्रिनिचचीच वेळ दाखवतं, उन्हाळा मानत नाही. तासकाटा सरळ खाली. हे कितीतरी वेळ त्याच्यापुढे उभे राहिले. मग माझ्याकडे वळून, गेल्या दीड वर्षाच्या सगळ्या टोमण्यांचा हिशेब एका वाक्यात चुकता करत म्हणाले, "बघ. यांनीही उलटंच टांगलंय."

आत तिकीट काढून अंगणात गेलो. फरशीत धातूची पट्टी. एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिमेत, साडी दोन्ही गोलार्धांत. मी डोळे मिटले. फोटोसाठी हे समोर, मोबाईल हातात. बराच वेळ क्लिक झालं नाही.

"अगं, तू शून्यावर नाहीयेस."

"अहो, फोटो काढा!"

"हा मोबाईल सांगतोय. पाच सेकंद पश्चिम."

मुलानं वाचून दाखवलं. जुन्या खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बीण बरोबर उभी आहे की नाही, हे पाऱ्याच्या थाळीवरून ठरवलं होतं. पण पृथ्वी आतून सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे तिथली 'सरळ खाली' ही दिशाच किंचित तिरकी आहे. उपग्रह पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात. त्यांचं शून्य इथून 102 मीटर पूर्वेला. माझ्या मागे तिकिटं काढून आलेल्या, पाय फाकून उभं राहण्यासाठी खोळंबलेल्या वीसेक माणसांच्या रांगेला मी हे काही सांगितलं नाही. शिक्षकानं कुठे थांबायचं, हे समजायला हवं.

खरं शून्य शोधायला आम्ही बागेत उतरलो. हे मोबाईल समोर धरून, धोतराचा सोगा धरावा तशी पँट सावरत, आकडे मोठ्यानं वाचत पुढे. मग एकदम थांबले. तिथे गवत होतं. पट्टी नाही, पाटी नाही. एक बाई कुत्र्याला चेंडू टाकत होत्या. चेंडू पश्चिमेतून पूर्वेत गेला, कुत्रा परत घेऊन आला.

"याला तिकीटसुद्धा नव्हतं," हे म्हणाले आणि तिथेच बसून ठेपल्याची पुडी सोडली.

मेमध्ये आम्ही परतलो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी मुलाचा फोन आला. आवाज ताजातवाना. "बाबा, आज मस्त एक तास जास्त झोपलो!"

यांनी काही क्षण उत्तर दिलं नाही. "तो तास माझा होता," म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि घड्याळ पुन्हा उलटं करायला स्टूल शोधू लागले.